उकळलेली बरणी

माझ्या ताईला हॉस्पिटलात सगळे 'उकळीबाई' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि आतून तिला ते आवडायचंसुद्धा. एकतीस वर्षं तिनं एकच काम केलं. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुवायच्या, ट्रेमध्ये मांडायच्या, कापडात गठ्ठा बांधायचा, वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या यंत्रात ढकलायचा. वाफ नीट लागली की त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटल्या की ताई वहीत सही करायची. रेघ जराशी फिकी दिसली तर सगळा गठ्ठा पुन्हा आत. बाहेर सर्जन ताटकळत उभा असला तरी पुन्हा आत. एकदा एका मोठ्या डॉक्टरनं आवाज चढवला, तर ही म्हणाली, "साहेब, तुमच्या हातून पोट जास्त फाटलं तर शिवता येतं. माझ्या हातून जंतू निसटला तर कुठं शिवू?" त्यानंतर तो बापडा मुकाट्यानं थांबायचा.

मी तिची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यात होते, आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतला. माझ्या जिभेला हाड नाही असं ताई म्हणते, आणि खोटं काही म्हणत नाही. लग्न मी केलं नाही, भावोजी लवकर गेले, तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात आहोत. म्हणजे तिच्या घरात मी आहे. बाहेरून आलं की आधी मोरीत जायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, मग खुर्चीला हात लावायचा. तीस वर्षं झाली, अजून मी कधीतरी विसरते आणि अजून ती ओरडते.

पण ती अशी का झाली हेही सांगायला हवं. तिचा मुलगा सातव्या महिन्यात झाला. मुठीएवढं पोर, अंगावर कातडी कसली, कांद्याचा पापुद्रा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, याला साधी सर्दी झाली तरी हातचा जाईल. तेव्हा ताईनं घरात उकळायचं जे सुरू केलं ते आजतागायत. चमचे उकळले, झबली उकळली, बाटल्या तर दिवसातून सहा वेळा. मला भाच्याला मांडीवर घ्यायचं तर हातातल्या बांगड्या काढून उकळत्या पाण्यात टाकायला लावल्या तिनं. आम्ही हसायचो. पण पोर जगलं, वाढलं, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकं उंच झालं. मग अशा बाईला कोण कशाला समजावायला जाईल?

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतींच्या गच्चीवरच्या त्या खोल्यांत दोरखंड आणि चक्रं असतात, तिथं दिवस काढायचा. नखात ग्रीस, खिशात पाने-पक्कड. आणि अशा माणसाला छंद काय, तर पाव भाजण्याचा. तोही बेकरीसारखा नाही, आंबट खमिराचा. फ्रिजमध्ये एक बरणी ठेवली होती, तिच्यात पीठ आणि पाणी आंबत पडलेलं असायचं. त्याला तो अधूनमधून नवं पीठ चारायचा. खरंच चारायचा म्हणायचा, घरात मांजर पाळल्यासारखं. "मावशी, आज त्यानं खाल्लं बघ पोटभर," असं मला फोनवर सांगायचा. सात वर्षं ती बरणी त्यानं सांभाळली.

दर रविवारी तो आणि सून आमच्याकडे यायचे, एक पाव घेऊन. ताई तो पाव कापायची, तव्यावर टाकायची आणि कोळसा व्हायच्या बेतात आला की खायची. कच्च्या आंबवलेल्या वस्तूवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तो म्हणायचा, "आई, अजून एकदा उलट. एखादा जंतू जिवंत असेल." सून तोंडावर रुमाल धरून हसायची. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिला शोधली ताईनंच. ताई चष्म्याचा नंबर काढायला गेली होती, तर ही मुलगी आधी हात धुऊन आली आणि मग तिनं भिंग दोनदा पुसलं. घरी आल्या आल्या ताई म्हणाली, सून मिळाली. पोराला विचारायचं मग आठवलं.

एका मंगळवारी सकाळी तो कामावर बसल्या जागी गेला. सदतिसावं वर्ष. बरोबरच्या माणसाला वाटलं, दम खातोय. दहा मिनिटांनी हाक मारली, ओ दिली नाही.

पुढचं मी फार सांगत नाही, सांगवत नाही. सुनेनं दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नाही, उभी असताना कोसळली, तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पाच दिवस. तिची आई तिच्यापाशी बसून होती. ताई रडली नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "त्यांच्या घराची किल्ली घे. पोरगी परत येईल तेव्हा घर असं नको. धूळ असेल, भांडी तशीच असतील. चल." मला तेव्हा ते बरंच वाटलं. हाताला काम असलं की माणूस उभा राहतो. मीही गेले. पडदे मीच काढले, शिडीवर चढून. चार दिवस आम्ही ते घर धूत होतो. ताईनं दाराच्या कड्यासुद्धा स्पिरिटनं पुसल्या.

तिसऱ्या दिवशी मी शिडीवर असताना स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "ई, काय सडलंय गं हे?" मग नळाचा आवाज. मग गॅस पेटवल्याचा. मी खाली उतरून गेले तोवर पातेल्यात पाणी खदखदत होतं आणि त्यात बरणी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी माझं तोंड मिटत नाही. पण आता बोलून काय उपयोग होता? मोरीत गेलेलं काही परत येत नाही.

सून घरी आली त्या दिवशी आम्ही दोघी तिथंच होतो. घर आरशासारखं लखलखत होतं. ती आधी आतल्या खोलीत गेली, बराच वेळ आतच होती. आम्हाला वाटलं, पडली असेल. मग बाहेर आली आणि फ्रिज उघडला. पुन्हा लावला. "आई, इथं बरणी होती," ती म्हणाली. ताईनं मोठ्या आपलेपणानं ओट्यावरची बरणी दाखवली. "ही ना? खराब झालं होतं गं आतलं. उकळून ठेवलीय, बघ कशी झालीय." सुनेनं ती बरणी दोन्ही हातांत घेतली आणि उभी राहिली. मग खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, तुम्ही आता घरी जा. मला झोपायचंय."

परतीच्या बसमध्ये ताई म्हणाली, "काही चुकलं का गं माझं?" तेव्हा मला सांगावं लागलं. ते सडलेलं नव्हतं, ते त्याचं खमीर होतं, सात वर्षांचं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. दोन थांबे गेल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे जिवंत होतं?" मी म्हटलं, "हो, तसं जिवंतच म्हणायचं." घरी आल्यावर तिनं दार उघडलं, हात धुतले, आणि मोरीतच उभी राहून म्हणाली, "त्याचं तेवढंच जिवंत उरलं होतं. आणि मी मारलं." तेव्हा ती रडली. पोरगा गेला त्या दिवशी नाही रडली, तेव्हा रडली.

नंतरचे दीड-दोन महिने फार वाईट गेले. सुनेला फोन केला की ती उचलायची, उर्मटपणा नाही, तक्रार नाही. "हो आई. जेवले. कामावर जाते. ठेवू?" एवढंच. रविवारी ताई आपली चार ताटं मांडायची, मग दोन उचलायची. मी म्हणायचे, "येईल गं, दुःख ताजं आहे." ताई म्हणायची, "मी तिच्या जागी असते तर मीसुद्धा आले नसते." मग एकदा जेवता जेवता हात थांबवून म्हणाली, "एक गेला ते आपल्या हातात नव्हतं. ही माझ्या हातानं गेली. एका बरणीपायी."

आणि तिथं मी माझं शहाणपण पाजळलं. मी म्हटलं, "नवीन करू या. पीठ आणि पाणीच तर लागतं. झालं की तिच्याकडे नेऊ आणि सांगू, मावशीनं मागे त्याच्याकडून वाटीभर मागून आणलं होतं, ते आमच्या फ्रिजमध्ये राहून गेलं. तिला काय कळतंय?" ताई माझ्याकडे बघतच राहिली. फिकी रेघ दिसली तर सही न करणारी बाई ती. म्हणाली, "खोटं बोलायचं?" मी म्हटलं, "मी बोलेन. तू फक्त कर." तिसऱ्या दिवशी चपला घालून म्हणाली, "बेकरीत जाऊन येते."

कोपऱ्यावरचा बेकरीवाला अंगानं मोठा आणि स्वभावानं लाजाळू. हातांवर भट्टीचे चटके. तो म्हणाला, "मी पाकिटातलं यीस्ट घालतो, बाई. खमीर माझे वडील ठेवायचे." पण कृती त्याला पाठ होती. कोंड्यासकट गव्हाचं पीठ, तेवढंच पाणी. कालवायचं, झाकण सैल ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धं काढून टाकायचं आणि तेवढंच नवं पीठ-पाणी घालायचं. आठ-दहा दिवसांत फसफसून दुप्पट व्हायला लागलं की झालं. ताईनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्याला पुन्हा वाचून दाखवलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते हॉस्पिटलच्या वर. ताईनं बरणी कुकरमध्ये घातली, दहा शिट्ट्या. पाणी वीस मिनिटं उकळून गार केलं. चमचा स्पिरिटनं पुसला. पिठात कीड असते म्हणून पीठ तव्यावर बदामी होईपर्यंत भाजलं. नाकातोंडाला फडकं बांधून कालवलं, झाकण गच्च लावलं आणि वर त्या काळ्या रेघांच्या पट्टीचा एक तुकडा चिकटवला. जुनी गुंडाळी तिच्याकडे अजून होती. वहीत तारीख, वेळ, सही. मी दारात उभी राहून बघत होते. मला काय डोंबल कळत होतं? मला वाटलं, असंच करतात.

एक दिवस गेला, दोन गेले, सात गेले. ती रोज सकाळी सांगितल्याप्रमाणे अर्धं काढायची, तेवढंच भाजलेलं पीठ आणि उकळलेलं पाणी घालायची. बरणीत चिखल तसाच. ना बुडबुडा, ना वास. ती वहीत लिहायची, 'बदल नाही'. हॉस्पिटलात हे शब्द तिनं कितीदा बघितले असतील. दहाव्या दिवशी ती बरणी पिशवीत घालून बेकरीवाल्याकडे घेऊन गेली, मीही गेले. त्यानं वास घेतला, चमच्यानं ढवळलं आणि विचारलं, "पीठ भाजलंत का?" ताईनं अभिमानानं सगळं सांगितलं. पाणी, कुकर, स्पिरिट, फडकं. तो हळूच म्हणाला, "बाई, जे यायला हवं तेच तुम्ही मारून टाकलंत. ते पिठातच असतं. आपण काही करायचं नसतं, फक्त मारायचं नसतं."

ताई दुकानाच्या पायरीवर बसली. रस्त्यावरची पायरी, धुळीची. ती अशी कुठं बसल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या खेपेला पीठ भाजलं नाही, पाणी नळाचं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्याच दिवशी बरणी फसफसून वर आली आणि तिला असा काही वास सुटला की मीसुद्धा नाक दाबलं. ताई म्हणाली, "जंतुसंसर्ग. नक्की." मी म्हटलं, "अगं, जंतूच हवेत ना आपल्याला?" ती म्हणाली, "हे ते नव्हेत. मला वासावरून कळतं." आणि मी अंघोळीला गेले तेवढ्यात ओतून मोकळी. बेकरीवाल्याला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. पहिले दोन दिवस घाण वास येतोच, म्हणाला, नंतर ते आपोआप निवळतं. थांबायला हवं होतं. त्या दिवशी मी ताईवर इतकी चिडले की ताटावरून उठले. म्हटलं, "तुला कुणाला जगूच द्यायचं नाहीये का?" बोलून गेले. बाण सुटला तो सुटला. तिनं माझं ताट झाकून ठेवलं.

तिसऱ्या खेपेला तिनं बरणी माझ्या ताब्यात दिली. स्वतः लांब उभी राहायची आणि मला विचारायची, "काय म्हणतंय?" घाण वास आला, गेला. मग चार दिवस काहीच नाही, मेल्यासारखं. ताई स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची, पण बरणीला हात लावायची नाही. रोज अर्धं टाकताना मात्र तिचा जीव खालीवर व्हायचा. "टाकलंच पाहिजे का गं? त्यात थोडं आलं असेल तर?" मी म्हणायचे, "टाकलंच पाहिजे." आठव्या दिवशी सकाळी मला तिनं हलवून उठवलं. मी धावत गेले, वाटलं काय झालं. बरणीतलं पीठ खुणेसाठी बाहेरून लावलेल्या पट्टीच्या वर चढलं होतं, आत जाळी जाळी, आणि वास आंबट पण गोडसर, पिकल्या सफरचंदासारखा. ताईनं पहिल्यांदा हात न धुता बरणीला हात लावला. "कोमट आहे गं," म्हणाली. आणखी आठवडाभर आम्ही ते चारलं. आता तीही चारायचंच म्हणायची. रोज दुप्पट व्हायला लागलं तेव्हा तिनं वहीत लिहिलं, 'तयार', आणि सही केली.

शनिवारी दुपारी आम्ही सुनेकडे गेलो. मी वाटभर गोष्ट घोकत होते. कधी मागितलं, कशात आणलं, फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात राहिलं. सून दार उघडून बाजूला झाली. फार वाळली होती. पाणी दिलं, समोर बसली. ताईनं बरणी टेबलावर ठेवली आणि मी सुरू झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी नको तितकं सांगत गेले. वाटीचा रंगसुद्धा सांगितला. सुनेनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, त्यानं कधी दिलं होतं तुम्हाला?" मी म्हटलं, मागच्या पावसाळ्यात. नाही, हिवाळ्यात. तेवढ्यात ताई म्हणाली, "खोटं आहे ते. मी केलंय, घरी. त्याचं नाही. त्याचं मी मोरीत ओतलं."

माझी मान खाली गेली. आता पोरगी उठून आत जाईल, असं मला वाटलं. पण तिनं बरणी जवळ ओढली, झाकण काढलं, वास घेतला. बोटानं जाळी जरा बाजूला केली. "छान उठलंय," म्हणाली. मग ताईकडे बघून, "आई, तुम्ही इतके दिवस हे करत होतात?"

ताई म्हणाली, "तिसऱ्यांदा जमलं."

"त्याच्या हातूनसुद्धा दोनदा मेलं होतं," सून म्हणाली. "एकदा आम्ही फिरायला गेलो होतो तेव्हा, एकदा उन्हाळ्यात. तो म्हणायचा, जाऊ दे, पीठ आहे, पाणी आहे. आठवड्यात नवं लावायचा. सात वर्षांचं वगैरे तो उगाच सांगायचा सगळ्यांना."

ताईला काही उमजेना. मलाही उमजेना. "मग?" ताई म्हणाली. "मग तू येत का नाहीस, बाळ? मला वाटलं, या बरणीपायी..."

सून बराच वेळ झाकण लावत बसली. ते केव्हाच लागलं होतं.

"तुम्ही त्याची उशी धुतलीत, आई."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आम्हाला आठवतही नव्हतं.

"सोमवारी रात्री तो त्या उशीवर झोपला होता. हॉस्पिटलात मी पाच दिवस तेवढंच धरून होते. घरी जाऊ, दार लावू, त्या उशीत तोंड खुपसून झोपू. आले, आतल्या खोलीत गेले, तर साबणाचा वास. कपाट उघडलं. सगळे शर्ट धुतलेले. दाराच्या मागचा टॉवेल धुतलेला. कामावरचा डगला, तोसुद्धा."

"मळला होता गं," ताई म्हणाली. "ग्रीसनं भरला होता."

"ठाऊक आहे, आई."

ती रडत नव्हती, हेच मला बघवत नव्हतं. ती म्हणाली, "बरणी दिसत होती म्हणून बरणीचं विचारलं. दुसरं काय विचारणार होते? तुम्ही माझ्यासाठीच केलंत सगळं, मला कळत नाही का? म्हणूनच येत नव्हते. आले असते तर तुमच्यावर ओरडले असते. आणि तुम्हाला आता ओरडणारं माणूस नकोय."

ताई उठली. तिला सुनेच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, हात अर्ध्यावर गेला आणि तिथंच राहिला. सुनेनं तो हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "रविवारचं आत्ता विचारू नका. बरणी ठेवून जा." आम्ही निघालो. जिना उतरताना ताईनं कठडा घट्ट धरला होता, कधी नव्हे तो.

घरी आल्यावर ती हात धुवायला गेली नाही. सरळ कपाटाशी गेली. लग्न होईपर्यंत तो याच घरात होता, त्याचं सामान अजून इथं होतं. तिनं सगळं बाहेर काढलं. शाळेचा स्वेटर, खेळायची टोपी, जुनी रजई, कॉलेजची पिशवी, मागच्या वर्षी विसरून गेलेला रेनकोट, कातडी पट्ट्याची अवजारांची थैली. एकेक वस्तू उचलायची, तोंडाशी न्यायची, खोल वास घ्यायची आणि बाजूला ठेवायची. मी म्हटलं, "काय शोधतेयस?" ती म्हणाली, "तिला न्यायला. एखादी तरी असेल. एखादी तरी सुटली असेल माझ्या हातून."

मीही खाली बसले. घड्या मोडत गेलो, बाही उलटत गेलो, खिसे बाहेर काढत गेलो. सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. रेनकोटसुद्धा तिनं धुतला होता. थैली स्पिरिटनं पुसली होती, आतून आणि बाहेरून. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि कपाट रिकामं होतं.

शेवटी तिच्या हातात एक मफलर राहिला. निळा, एका टोकाला विणकाम उसवलेला. तिनं तो नाकाशी धरला, डोळे मिटले, पुन्हा धरला. मग माझ्यापुढे केला. "तू बघ. माझं नाक गेलं असेल, एकतीस वर्षं औषधांत होते. तुला येतो का बघ."

मी मफलर चेहऱ्याशी नेला. गोळ्यांचा वास होता, आणि खाली साबणाचा. ती माझ्याकडे बघत होती. एरवी मी काहीही बोलून वेळ मारून नेते. त्या वेळी मला ते जमलं नाही.

"नाही गं, ताई," मी म्हटलं.